दुभाष्या

“कारखान्यातली मांस कापायची सुरी त्यानं घरी आणलीय. उशीखाली घेऊन झोपतो,” इदिल म्हणाली. “म्हणतो, माहेरी फोन केलास तर बघ.”

इमाम लुत्फींना सोमाली येत नव्हतं. इजिप्तहून अल्बर्टातल्या या गावात येऊन त्यांना चारच महिने झाले होते. अरबीखेरीज दुसरी भाषा नाही. त्यांनी वारसामेकडे पाहिलं. मशिदीत दोन्ही भाषा जाणणारा तेवढा एकच, आणि तो नेमका इदिलच्या नवऱ्याचा, गुलेदचा, चुलतभाऊ.

वारसामे अरबीत बोलला. दोनच वाक्यं. इमाम हसले, मायेनं काहीतरी म्हणाले. त्यातला एकच शब्द इदिलला कळला: सब्र.

सुरीचं ऐकून कुणी हसेल?

“भाऊजी, सुरीचं सांगितलंत ना?”

“सगळं सांगितलं, वहिनी. इमामसाहेब म्हणतात, धीर धर. नवराबायकोत व्हायचंच थोडंफार. जा घरी.”

अरबीतले नमाजेपुरते शब्द तेवढे इदिलला पाठ. त्यातल्या काहींचे अर्थ लहानपणी आईनं सांगितलेले. ती ते एकेक करून आठवू लागली. मग छातीवर बोट टेकवून, थेट इमामांकडे बघत म्हणाली, “खौफ.” तेच बोट तिनं गळ्यावरून फिरवलं. “खौफ!”

इमामांचं हसू मावळलं. त्यांनी वारसामेला काहीतरी विचारलं. तो घाईघाईनं सांगू लागला, तसा त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि दाराकडे बोट दाखवलं. तो बाहेर गेल्यावर त्यांनी आतून कडी लावली, इदिलला खुर्ची पुढं केली.

दारापलीकडून वारसामेचा आवाज आला. फोनवर होता, सोमालीत.

“खालीच आहेस ना, गुलेद? ये वर. इथंच आहे ती. म्हातारा एकटाच आहे आत.”

इमाम शांतपणे तिच्यासाठी पेल्यात पाणी ओतत होते.

जिना वाजला. मग दार. कुणी आलं म्हणून इमाम उठले, सवयीनं कडीकडे हात नेला. इदिल धावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. नुसती नकारार्थी मान हलवत राहिली.

दाराला दुसरा धक्का बसला. इमामांनी तिच्याकडे पाहिलं. मग पुस्तकांनी भरलेल्या टेबलाचं एक टोक उचललं, आणि मानेनंच तिला दुसरं दाखवलं.