प्लायवूडची पायरी

“मोठ्या घरी गेलं का पायरीवर बसायचं. आपण होऊन तोंड उघडायचं नाही. घरातलं माणूस बाहेर येते, ‘काऊन आली, बाई?’ म्हनून इचारते, तवा सांगायचं. इचारल्याबिगर सांगितलेलं ऐकल्या जात नाही.”

आई जाऊन किती वर्षं झाली, पण तिचं हे बोलणं रुख्मिणीच्या कानात अजून ताजं होतं. म्हणून ती सकाळपासून पायरीवर बसली होती. पायरी राष्ट्रपती भवनाची होती. भवन अमरावतीच्या मैदानावर होतं.

दिल्लीचं ते घर प्लायवूड, कापड आणि थर्माकोलात उभारून प्रदर्शनवाले गावोगाव फिरवत होते. पुढून पाहिलं तर खांब, घुमट, लाल गालिचा. मागून बांबू. दाराच्या दोन्ही बाजूंना फेटेवाले पुतळे. नांदगाव पेठच्या शाळेच्या मुली रांगेनं आत चालल्या होत्या. एकीनं जाता जाता रुख्मिणीच्या दंडाला बोट लावून पाहिलं.

“अवो मॅडम, हे पुतळी जित्ती हाय!”

रांग खिदळली. रुख्मिणीही थोडी हसली. पदर सारखा करून पुन्हा दाराकडे पाहू लागली.

तिचा लेक कुलदीप नागपूरच्या जेलात होता. फाशीची शिक्षा झालेली, वरच्या कोर्टातही कायम राहिलेली. दयेचा अर्ज दिल्लीला त्या घरी जाऊन पडला होता. वकील म्हणत, आता वाट पाहायची, दुसरं काही नाही. निकाल लागला त्या दिवशी तिनं चप्पल सोडली. रोज अंघोळ झाली की दिवा, पोथीचा अध्याय, मगच तोंडात पाणी. त्यात खंड नव्हता. मागच्या भेटीत जाळीपलीकडून कुलदीप म्हणाला, “माय, कागदानं कोणाले पाझर फुटते काय?” तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “मी सोता जाऊन सांगीन त्या दारात.”

बोलून तर बसली. मोर्शी कुठे अन् दिल्ली कुठे. आणि तिथल्या फाटकाच्या आत तिला कोण घेणार होतं?

मग ते दारच इथे आलं.

दुपारी चौकीदार अब्दुल रहीम काठी टेकत जवळ आला. “माय, रस्त्यातून उठा. इथं राष्ट्रपती नाही राहत. इथं मी राहतो. मी अन् मच्छर.”

ती उठली आणि एक पायरी खाली सरकून बसली. त्यानं पुन्हा हटकलं नाही. येता-जाता पाण्याची बाटली तेवढी शेजारी ठेवून गेला.

संध्याकाळी गर्दी सरली. लोकांना आतलं दाखवणारी करिश्मा बाहेर आली. अंगात निळा कोट, दिवसभर तेच तेच बोलून घसा बसलेला. पायरीवरच्या बाईचे धुळीनं भरलेले पाय तिला दिसले.

“काकू, चप्पल चोरीले गेली काय? सकाळपासून बसून राहिल्या तुमी. काऊन आल्या होत्या?”

विचारलं. घरातल्या माणसानं विचारलं. रुख्मिणीचे हात आपोआप जुळले. पण दिवसभर मनात जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आता सापडेना.

“पोरासाठी,” ती म्हणाली. “त्याले फाशी हाय. घरधन्याले सांगायचं होतं.”

 करिश्मानं पायरीवर बुटाची टाच आपटली. पोकळ आवाज आला. “काकू, प्लायवूड हाय हे. आता खोलाखोल सुरू होईन. उद्या अकोल्याले उभं करतीन.”

“ठाव हाय, बाई.”

“आत नुसती खुर्ची हाय. तिच्याभोवती दोरी बांधून ठेवेल हाय. मी तं रोजानं हाय इथं, म्या कोनाले सांगू?”

 घुमटावर चढलेल्या माणसांनी एक फळी सोडवून खाली दिली. तिकडे पाहत रुख्मिणी हळूच म्हणाली, “महादेव तरी कुठं समोर येते, पोरी? आपण नंदीच्याच कानात सांगून येतो न.”

करिश्मानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. मग कोट सावरून ती पायरीवर बसली, केस मागे घेतले आणि कान पुढे केला.

देवळात धरतात तसा रुख्मिणीनं तळहाताचा आडोसा धरला.

“जीव त्याच्या हातून गेला, ते खोटं नाही. सोडा म्हनत नाही मी. ज्या माउलीचा लेक गेला, तिच्या नावानंबी रोज वात लावते. फकस्त दोर नको. भिंतीआड राहू द्या, पन राहू द्या.” तिनं श्वास घेतला. “सांगशीन?”

“सांगीन.”

पोर आपलं मन राखायला बोलली असेल. तिनं तरी दुसरं काय म्हणायचं होतं? रुख्मिणी पायरीला हात लावून, तो कपाळाला टेकवून उठली आणि मोर्शीची गाडी धरायला निघाली. ती फाटकाशी पोचली तेव्हा मागून अब्दुल रहीमचा आवाज आला, “चला, लाइट बंद करा रे!” तिनं वळून पाहिलं.

घुमट अर्धा उतरला होता. आतले दिवे एकेक करून विझत होते. दारात करिश्मा वाकून बूट काढत होती. दोन्ही बूट तिनं फेटेवाल्या पुतळ्याच्या पायाशी जोडून ठेवले आणि अनवाणी आत, दोरीआडच्या खुर्चीकडे चालू लागली.