थोरलीचा जबडा

कट्.

कोऱ्हाळ्याच्या द्वारकाबाईचा जबडा घास चावताना असा वाजायचा. पुढं कानापाशी दुखायलाही लागलं.

"अक्का, बारामतीला माझ्या दादाला दाखवा की. दातांचा डाक्टर हाय त्यो," धाकटी जाऊ सिंधुबाई म्हणाली.

तिचा दादा! साडी नवी तिचीच, सासूबाईंना चहा गोड लागतो तो तिच्याच हातचा, आणि आता डॉक्टरही तिचाच. द्वारकाबाईनं बाजारात बसणाऱ्या माणसाकडून धडधाकट दाढ उपटून घेतली, पण त्या दादाकडे गेली नाही.

कट्.

कट्.

मग एका सकाळी आवाजच बंद. बोट शिरण्याइतकंही तोंड उघडेना. नवऱ्यानं बैलगाडीत घालून तिला बारामतीला नेलं. त्याच दादाकडे.

डॉक्टरांनी तिच्या कानापुढं बोटं दाबून पाहिली. "दाढ उगाच घालवलीत, बाई. दुखतोय तो जबड्याचा सांधा. झोपेत दात आवळता तुम्ही. वाजून दुखायला लागलं, तेव्हाच यायचं होतं. आता गरम शेक घ्या, मऊ भात खा आणि मनात काही धरून झोपू नका."

मग ते हसले. "आमच्या सिंधूचाही सांधा असाच धरलाय. म्हणते, थोरल्या जाऊबाईंसारखी भाकरी मला जमत नाही, गावभर त्यांचंच नाव."





द्वारकाबाई मिटल्या दातांतूनच म्हणाली, "पर जास्त माझाच दुखतोय न्हवं?"