हसवणाऱ्याच्या घरात पोरगी

टोपी काढून खिशात कोंबली, तरी रामरावांचं सोंग काही वठेना. उन्हानं रापलेला चेहरा आणि त्यावर टोपीपुरतं गोरं राहिलेलं कपाळ. शेतकरी माणूस चोरून आलाय, हे मेहकरात कोणीही दुरूनच ओळखलं असतं. ते शेवटच्या रांगेत खांबाआड बसले आणि स्टेजवर चोर येणार असल्यासारखे तिकडं बघू लागले.

येणार होते जानराव. चाळीस वर्षं गणपतीत, जत्रेत, लग्नाच्या मांडवात लोकांना हसवत आलेला माणूस. आता पोरांनी बस स्टँडजवळच्या हॉटेलच्या माडीवर कॉमेडी क्लब काढला, तर तिथंही जानरावांच्या शनिवारी पाय ठेवायला जागा नसायची. रामराव मात्र हसायला आले नव्हते. जानरावांचा मुलगा गोकुळ, त्याचं स्थळ रामरावांच्या सुचिताला आलं होतं. मुलगा चांगला, पोरीच्याही मनात भरलेला. उद्या निरोप द्यायचा होता, म्हणून रामराव अमडापूरहून गुपचूप चौकशीला आले होते.

चौकशी काय, सगळेच करतात. पोरगी द्यायची म्हणजे पानटपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत विचारावंच लागतं. रामरावांना सगळीकडं एकच उत्तर मिळालं. "मानूस लाखात एक. पन त्याच्यासमोर घरात काई घडू देऊ नका. आठ दिवसात स्टेजवर येते."

आणि घडायचं ते घडून गेलं होतं. जानरावांकडची मंडळी मुलगी पाहायला आली, तेव्हा रामरावांच्या बायकोनं, रुखमाबाईंनी, चहा देताना विचारलं, "भाऊ, गाव कोनतं तुमचं?" जानरावांनी मेहकर सांगितलं. पोहे देताना बाईंनी पुन्हा तेच विचारलं. सुपारीच्या वेळी पुन्हा. वर्षभरापासून रुखमाबाईंना असा विसर पडत होता आणि रामरावांनी तो गावापासून, भावकीपासून झाकून ठेवला होता. "हिले कमी आयकू येते," असं म्हणून त्यांनी तेव्हाही वेळ मारून नेली. पण बभ्रा झाला, तर लोक घराण्यातच वेड आहे म्हणणार. मग सुचिताला कोण करून घेणार?

त्यातून जानराव त्या दिवशी एकदाही हसले नव्हते. तिन्ही वेळा गाव सांगितलं, तेही पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. एवढ्या निमूटपणे कोण उत्तर देतं? ज्याला पुढचंही ऐकून ठेवायचं असतं, तोच. रामरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. रुखमाचा विषय निघाला की उठायचं, आणि उद्या कळवून टाकायचं, पत्रिका जुळत नाही.

जानराव आले. दिव्यांच्या झोतात डोळे मिचकावत म्हणाले, "मले तुमी कोनीच दिसून नाई राह्यले. बरं हाये. माही बायको आली असन, तं तिनं आवाज देऊ नये."

लोक हसले. रामराव नाही हसले. मग जानरावांनी सख्ख्या मेहुण्याला धरलं. "साळ्यानं जुना ट्रॅक्टर घेतला अन् बैल इकले. आता ट्रॅक्टर ढकलाले बैल भाड्यानं आनते!" पहिल्या रांगेत बसलेला मेहुणाच मांडीवर थापा मारत होता. मग चुलता निघाला, शेजारचे मास्तर निघाले. जो घरच्यांची गय करत नाही, तो परक्याच्या बायकोला सोडील? रामराव खांबाच्या आणखी आड सरकले.

"परवा पोट्ट्यासाठी पोरगी पायले गेलो," जानराव म्हणाले.

रामराव अर्धे उठले. पण रांग गच्च भरलेली, सगळ्यांचे गुडघे ओलांडल्याशिवाय बाहेर पडायची सोय नव्हती. ते तसेच खाली बसले.

"घरातली बाई चहा घेऊन आली. म्या इचारलं, बाई, माहेर कोनतं तुमचं? तिनं सांगतलं. पोहे आले. म्या इचारलं, बाई, माहेर कोनतं? तिनं सांगतलं. सुपारी कातरता कातरता पुन्हा इचारलं, बाई, माहेर कोनतं? गाडीत बायको म्हने, काहो, सोयरीक पायले आलते, का त्या बाईच्या माहेराचा सातबारा काढाले?"

हशानं माडी दणाणली. रामरावांना वाटलं, आपलंच ऐकण्यात काही चुकतंय. विचारलं होतं रुखमानं. विसरली होती रुखमा. हा माणूस सगळं स्वतःच्या अंगावर घेत होता, आणि खांबाआड कोण बसलंय हे तर त्याला माहीतही नव्हतं.

"उमर झाली, बावा. इसरते मानूस." हसू ओसरलं तसा जानरावांचा आवाज खाली आला. "पन थे माय तिन्ही डाव अशी हासून सांगे, जसं म्या पयल्यांदाच इचारलं. बायकोले म्हटलं, लगन पोट्ट्याचं हाये, पन घर म्या माह्यासाठी पसंत केलं. उद्या म्या सारंच इसरलो, तं त्या मायची पोरगी मले पुन्हा पुन्हा सांगन. चिडनार नाई. आता फक्त तिच्या बापानं हाव म्हनलं पायजे."

टाळ्या पडल्या. रामरावांना मान वर करवेना. फार लाज वाटली, आणि लाजेहून जास्त मोकळं वाटलं. वर्षभर एकट्यानं वाहिलेलं ओझं कुणीतरी न सांगता दुसऱ्या बाजूनं उचललं होतं. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून आले.

शेजारच्या खुर्चीवरची बाई वाकून बघत होती. "काऊन हो भाऊ, सारे हासून राह्यले अन् तुमी रडता? तुमच्या ओळखीचे हायेत का थे?"

"हाव," रामराव म्हणाले. "व्याही हायेत माहे."