बापाच्या हातची गाठ

"भाऊजी, गाठ तुमच्याच हातची पाह्यजे," ललित म्हणाला आणि दोर त्याने बहिणीच्या नवऱ्याच्या, देवमनच्या हाती दिला.

ड्रेसिंग टेबल निम्मे डिकीत, निम्मे बाहेर होते. सागवानी चौकट, पुरुषभर उंचीचा आरसा. भाचीच्या, पायलच्या लग्नाचे आंदण म्हणून ललितने ते खास घडवून घेतले होते, आणि आज ते अमरावतीहून अकोल्याला, तिच्या होणाऱ्या सासरी निघाले होते.

देवमनने लेकीला लोखंडी कपाट दिले होते. ते आधीच पोचले होते. व्याह्यांनी फोनवर त्याविषयी चकार शब्द काढला नाही, "मामाचा आरसा कवा येते?" एवढेच विचारले. तो प्रश्न देवमनच्या अंतःकरणात कुसळासारखा रुतून बसला होता.

कापसाच्या गाड्या भरण्यात त्याचे आयुष्य गेले होते. त्याने आवळलेला दोर सुटल्याचे कोणी पाहिले नव्हते. आज मात्र त्याने शेवटचा वेढा घेतलाच नाही. टोक नुसते आत खोवले आणि वर पायलने आणून दिलेले तांबडे फडके बांधले. बडनेऱ्याच्या अलीकडचे गतिरोधक तो ओळखून होता. आरसा फुटेल, इतकेच. कोणास इजा व्हावी, असे त्याच्या मनात नव्हते.

मग आपल्यावर बोल येऊ नये म्हणून तो अंगणभर ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाला, "डिकी उघडी ठेवून जाणं बरं नाई, ललित. नंबर झाकते, मागचा लाइट झाकते. पोलिसानं धरलं तर चालान. धूरही आत येते, काचा खाली ठेव. अन् मागून कोणी नजर ठेवणारं पाह्यजे होतं."

"गाठ तुमी बांधली ना? मंग मले पोलिसाचंच भेव," ललित हसला. गाडी निघून गेली.

देवमन ओसरीवर टेकला. सांत्वनाचे शब्द त्याने मनात जुळवून ठेवले. त्याच्या बायकोने, मनकर्णेने, तीन कप चहा आणला. एक कप तसाच राहिला.

"पायलचा चहा निवून राहिला. कुठं गेली?" त्याने विचारले.

"मामाच्या मागं, स्कुटीवर," मनकर्णा म्हणाली. "तुमीच म्हटलं ना, मागून नजर ठेवाले कोणी पाह्यजे. बडनेऱ्यापर्यंत डिकीले अगदी लागूनच चालवीन म्हणे. मी नाईच म्हणत होती. मंग म्हटलं, गाठ बापाच्या हातची हाय, जा."