हिरव्या लुगड्यातली बाई

कलादालनातल्या तैलचित्रापुढे प्राध्यापिका विद्यार्थ्यांना सांगत होत्या, "इथे चित्रकाराला स्वतःची वाट सापडली. याआधी त्यांनी रंगवलेल्या स्त्रिया नुसत्या देखण्या आहेत. हा बदल कसा घडला, ते सांगायला आता ते हयात नाहीत."

मागे उभ्या असलेल्या अंजिराबाई पुढे आल्या. चाळीस वर्षांपूर्वी त्या चित्रकाराकडे धुणीभांडी करायच्या. चित्रातली हिरव्या लुगड्यातली बाई त्याच होत्या.

"आठ दिवस साहेब माझा चेहरा रंगवायचे आन् सुरीनं खरवडून टाकायचे," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "शेवटी मीच बोलले, मला गोरीगोमटी करताय म्हणून बिनसतंय. माझ्या आईनं ओळखावी अशी काढा."

प्राध्यापिकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग चित्राकडे. त्या बाजूला झाल्या.

"बाई, इथे उभ्या राहा. पुढचं तुम्हीच सांगा."