उपकाराची विकेट

दारावरच्या बेलवर ठेवलेलं बोट बोट्याने दुसऱ्यांदा मागे घेतलं. एकोणीस वर्षं ज्या बोटाने चेंडू फिरवून भल्याभल्यांना नाचवलं, ते आज एका बटणापुढे अडून बसलं होतं.

"या की आत! दार उघडंच आहे," आतून आवाज आला. "मघापासून जिन्यात पावलं वाजताहेत. दूधवाला एवढा घुटमळत नाही."

या कप्तानांच्या पत्नी. त्यांनी बोट्याला लगेच ओळखलं. चारशे बारा बळी घेऊन तो गेल्याच महिन्यात निवृत्त झाला होता आणि रविवारी त्याचा सत्कार होता.

कप्तान खिडकीपाशी गुडघा शेकत बसले होते. खेळ सोडून अठरा वर्षं झाली तरी सगळं गाव त्यांना कप्तानच म्हणायचं. त्यांच्या डोक्यावर भिंतीला तो प्रसिद्ध फोटो होता. बॅट काखेत घालून मैदानाबाहेर निघालेले कप्तान आणि मागे, जरा पुसट, दोन्ही हात वर करून ओरडणारा एक काडीपैलवान. तो काडीपैलवान म्हणजे बोट्या.

"हा फोटो शाळेच्या पुस्तकातसुद्धा आहे," काकू कौतुकाने म्हणाल्या. "'खरा खेळाडू' म्हणून धडाच आहे. आमच्या नातीने पाठ केलाय. पण त्या दिवशी घरी आले ते घासभरही जेवले नाहीत हो. शतक हुकलं की जिवाला लागणारच."

बोट्याने फोटोवरची नजर खाली वळवली.

तो सामना त्याला जसाच्या तसा आठवत होता. निवड समितीच्या गृहस्थांनी सकाळीच बजावलं होतं की आज विकेट काढलीस तर संघात, नाहीतर गोदामातली कारकुनी तुझी वाट बघतेय. चौदा षटकं कोरडी गेली. समोर कप्तान, ब्याण्णव धावांवर. आणि केवढा निवांत माणूस! दोनदा हातमोजे बदलले, समोरचा पांढरा पडदा हलवायला लावला, प्रत्येक चेंडूनंतर पुढे येऊन खेळपट्टी थोपटली. वेगवान गोलंदाजांची त्यांनी पार पिसं काढली होती, पण बोट्याला एकही चौकार मारला नाही. नवख्या पोराची कीव आली असणार, असं बोट्याने तेव्हाच मनाशी धरलं.

मग तो चेंडू पडला. कप्तानांची बॅट जमिनीवर घासली, टक्क आवाज झाला आणि चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेला. बॅट आणि चेंडू यांच्यात चार बोटांची फट होती. ती बोट्याने धडधडीत पाहिली होती. तरी तो जिवाच्या आकांताने ओरडला. पंचांनी मान हलवून 'नाही' म्हटलं. पण चेंडू बॅटला लागल्याचं स्वतःच कबूल केल्यासारखे कप्तान बॅट काखेत घालून चालू लागले.

त्या एका विकेटवर पुढचं सगळं उभं राहिलं. घर झालं, आईचं ऑपरेशन झालं, मुलगी हवं ते शिकली. पण पहिली विकेट दान मिळालेली, हे बोट्या कधी विसरला नाही. पायाच दुसऱ्याचा असेल तर वरचे मजले आपले कसे म्हणायचे? दर बळीनंतर लोक टाळ्या वाजवायचे आणि याला तो प्रश्न पडायचा.

"कप्तान," तो एकदाचा म्हणाला, "त्या दिवशी तुमची बॅट लागली नव्हती."

कप्तानांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मला माहीत होतं आणि तुम्हालाही माहीत होतं. तरी तुम्ही गेलात. शतक सोडून गेलात, कारण या पोराचं भलं व्हावं. मी एवढी वर्षं तोंड उघडलं नाही. पण रविवारी माइकवर सगळ्यांसमोर सांगणार आहे. माझ्याकडे जे काही आहे ते तुमच्या कृपेचं आहे. तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत."

काकूंनी डोळे पुसले. "बघा, एवढं मोठं मन, आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत कधी!" असं म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या.

बोट्याने खिशातून त्या सामन्यातला चेंडू काढला आणि कप्तानांच्या ओंजळीत ठेवला. त्याला फार हलकं वाटलं. आता कुणी काहीही म्हणो.

कप्तान बराच वेळ चेंडूच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले. मग गुडघा धरून उठले, लंगडत स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि मधलं दार अलगद लोटून आले. बोट्याला चिकटून बसले आणि चेंडू त्याच्याच हातात परत दिला.

"रविवारी यातलं अक्षर काढू नकोस," ते कुजबुजले. "आणि आता सांगतो ते तिला सांगू नकोस, नातीला तर मुळीच नको. अरे, त्या दिवशी तुझा एक चेंडू मला कळला असेल तर शपथ! पुढच्या चेंडूवर दांडी उडणार, तीही मिसरूड न फुटलेल्या पोराकडून, हे मला स्वच्छ दिसत होतं. तू ओरडलास आणि मला अब्रूने बाहेर पडायला वाट मिळाली. एकोणीस वर्षं डोकं खाजवतोय. आता निवृत्त झालास ना? मग हा धर आणि दाखव बघू, आत यायचा तो कुठला आणि बाहेर जायचा तो कुठला?"