परतूरचं स्थळ

परतूरचे पाहुणे येण्याआधी तुळजाबाईने नवऱ्याचे हात पुन्हा एकदा राखेने घासले. वास जात नव्हता. हंटरच्या कातड्याला चोळायचं करंजाचं तेल पुंजारामच्या हातात मुरलं होतं.

त्यांच्या गावात कोणी वेठीला उशिरा आला, की जहागीरदार पान चघळत हुकूम सोडी आणि पुंजाराम हंटर उचली. गाव त्याला जल्लाद म्हणे. हुकूम सोडणाऱ्याला मात्र हुजूर म्हणून कमरेत वाके. किळस यावी असाच प्रकार होता.

पुंजारामला स्वतःचीही शिसारी येई. गावातल्या बायकांना बांगड्या भरणाऱ्या नजीर मनियाराची पाठ त्याने फोडली, त्या दिवसापासून त्याची एकुलती लेक द्वारका त्याच्या हातचा घास घेत नव्हती. ‘जल्लादाची पोर’ म्हणून आलेली स्थळं मोडत होती. तिला या शब्दातून बाहेर काढायचं, एवढाच त्याला ध्यास होता. म्हणून मुलगी दाखवायला त्याने आष्टीला मेव्हण्याचं घर गाठलं, आणि आपण जहागीरदाराचे घोडे सांभाळतो असं परतूरला कळवलं.

“अन् हा घट्टा?” तुळजाबाईने विचारलं.

“लगामाचा घट्टा बोटायला पडतो. हा अंगठ्याच्या बुडाशी, हंटरचाच. पण एवढं कोण बघून राह्यलंय?”

खरंच कोणी पाहिलं नाही. मुलाचा बाप धर्मराज भलताच भला निघाला. हुंडा नको, फार चौकशी नको, फक्त तिथी जवळची धरा म्हणाला. त्याचा भुजंगही तिकडच्या एका सरदाराचे घोडे सांभाळत होता. ते ऐकून पुंजारामने अंगठा मुठीत दाबून धरला. घोड्यांचं काही विचारलं तर? पण भुजंगने काही विचारलं नाही. हात उपरण्यात घेऊन तो बसून राहिला.

लग्न दोन्ही गावं सोडून वाटेवरच्या देवळात लावू, हेही धर्मराजच म्हणाला. पुंजारामने देवाचे आभार मानले.

वरातीला घोडी आणली तर नवरदेव तिच्याजवळ जाईना. तिने मान हलवताच तो मागे सरला. पोरगं उपाशी आहे, चक्कर येते, असं धर्मराज घाईघाईने सांगू लागला आणि त्याने मुलाला बैलगाडीत बसवलं. पुंजारामचं तिकडे ध्यान नव्हतं. तो लेकीकडे बघत होता.

पाठवणीला द्वारकेने कित्येक वर्षांनी बापाच्या हातून दहीभाताचा घास घेतला. तिचे डोळे भरले होते.

“आबा, तिकडं मला तसं कोणी म्हणणार न्हाई ना?”

“न्हाई, माय. बिलकुल न्हाई.”

मग जावई पाया पडायला वाकला. पुंजारामने त्याचे दोन्ही हात धरून त्याला उठवलं. हळदीच्या वासाखालून करंजाच्या तेलाचा वास आला, आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी टणक घट्टा हाताला लागला.